ऐकू येणारी बाई रंगमंचावर दाखवायची का?

पत्राचा सारांश: घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका तालुक्याच्या गावातून हे पत्र आलंय. लिहिणाऱ्या बाई बँकेत नोकरी करतात आणि गावातल्या हौशी मंडळात नाटकं बसवतात. त्यांच्या शाळेतल्या मराठीच्या सरांनी ऐंशीच्या दशकात आकाशवाणीसाठी अर्ध्या तासाची एक श्रुतिका लिहिली होती. पावसाळ्यातली रात्र, दरड कोसळल्यामुळे घाटात अडकलेली एसटी, आत आठ-नऊ प्रवासी. त्यातले एक आजोबा शेजारच्या बायकोशी सारखे बोलत असतात. ती त्यांना चिडवते, डबा उघडायला लावते, जुन्या गोष्टी काढते. शेवटी कळतं की ती नाहीच. आजोबा तिच्या अस्थी घेऊन नरसोबाच्या वाडीला निघालेत. सर आता हयात नाहीत. त्यांच्या मुलाने ‘खुशाल करा’ असं तोंडी सांगितलंय. बाईंकडे रेडिओवरून भरून घेतलेली कॅसेट आहे, ती त्यांना पाठ आहे, आणि तिकिटाच्या प्रसंगाला त्यांना आजही गलबलून येतं. एकांकिका स्पर्धेसाठी ही श्रुतिका करायची म्हणताच मंडळात दोन तट पडले. तरुण मंडळींना अर्धी एसटी उभारून मागे एलईडी पडद्यावर पाऊस आणि दरड दाखवायचीय. एक ज्येष्ठ सभासद म्हणतात, सरांच्या शब्दाला हात लावायचा नाही, हातात कागद घेऊन अभिवाचन करा. बाईंची अडचण वेगळीच आहे: ‘रेडिओवर लोकांनी जे मनात पाहिलं, ते आम्ही डोळ्यांसमोर उभं करायला निघालोय. बायको दाखवली तर ती खोटी वाटेल, नाही दाखवली तर पहिल्याच मिनिटाला सगळं कळेल आणि शेवटचा धक्का जाईल. ही श्रुतिका रंगमंचासाठी नाहीच, असं समजून नाद सोडावा का?’

उत्तर:

नाद सोडू नका. मात्र तुमचा जीव त्या शेवटच्या धक्क्यात अडकलाय, तो आधी सोडवून घेऊ.

तुम्हाला शेवट कित्येक वर्षांपासून ठाऊक आहे. तुमच्यापुरतं या श्रुतिकेत गुपित असं काही उरलेलंच नाही. तरी तिकिटाच्या प्रसंगाला गलबलून येतं, ते का? म्हातारा दोन तिकिटं का मागतोय हे माहीत आहे म्हणून. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो प्रसंग साधाच वाटून जातो: कंडक्टर आला, तिकिटं फाडली, पुढे गेला. म्हणजे सरांनी लिहिलेला सगळ्यात चांगला प्रसंग नवख्या श्रोत्याच्या हातून निसटतो आणि शेवट माहीत असलेल्याला पुरता मिळतो. प्रेक्षकाला पहिल्या पाच मिनिटांत खरं कळलं तर तो तुमच्या जागी येऊन बसेल, एवढंच. यात फारसं नुकसान आहे असं मला वाटत नाही.

‘अरेच्चा!’ म्हणायची संधी तेवढी जाते. रेडिओवर ती आयती मिळते, कारण ऐकणाऱ्याला रिकामी सीट दिसायचा प्रश्नच नसतो. सरांनी माध्यमाची ही सोय बरोबर हेरली. रंगमंचाची सोय दुसरी आहे: कुणाला काय माहीत आहे आणि कुणाला काय माहीत नाही, हे इथे प्रेक्षकाला सतत दिसतं. तेव्हा गुपित प्रेक्षकांना देऊन टाका आणि एसटीतल्या माणसांपासून लपवा. एसटीचा टप (छत) गळायला लागतो. मागच्या सीटवरची बाई पोराला घेऊन उठते आणि आजोबांच्या शेजारच्या जागेकडे बोट करते. ‘इथं कुणी आहे का हो?’ आजोबा काय म्हणतील याची प्रेक्षक वाट बघत राहतील. श्रुतिकेत हा ताण शक्यच नव्हता.

आता तुमचं ते ‘मनात पाहिलेलं डोळ्यांसमोर उभं करायचं’ हे वाक्य. रूपांतर करायला बसणारे जवळपास सगळे इथूनच सुरुवात करतात आणि मग नेपथ्याच्या खर्चाशी येऊन थांबतात. माझ्या मते खरा फरक दिसण्या-न दिसण्यात कमी आणि गप्प बसण्यात जास्त आहे. श्रुतिकेत जो बोलत नाही तो तिथे नसतोच. आयरिश नाटककार सॅम्युएल बेकेटची ‘ऑल दॅट फॉल’ ही श्रुतिका बीबीसीवरून 1957 साली प्रसारित झाली. त्यातल्या मिसेस रूनी, बाकीचे आपापसात बोलायला लागल्यावर, बजावून सांगतात की मी गप्प आहे म्हणून मी इथे हजर नाही असं समजू नका. रेडिओवर हे ऐकताना हसूही येतं आणि दचकायलाही होतं, कारण बाई गप्प बसल्या की ऐकणाऱ्याच्या लेखी खरोखरच नाहीशा होतात.

तुमच्या संहितेत शेतकी खात्यातला एक प्रवासी आहे. त्याची वाक्यं चार. चार वाक्यांपुरता तो रेडिओवर उगवतो आणि मावळतो. रंगमंचावर तो पहिल्या उजेडापासून शेवटपर्यंत समोर बसलेला असणार. तो काय करणार? झोपलाय म्हणून एकाला खपवता येईल. चौघांना झोपवलंत तर प्रेक्षकही झोपतील. म्हणून पहिलं काम असं करा की एक मोठा कागद घ्या, डाव्या बाजूला प्रत्येक प्रवासी लिहा, वर संहितेची पानं लिहा, आणि प्रत्येक चौकोनात एकच गोष्ट भरा: या क्षणी याला त्या सीटबद्दल काय वाटतंय? कुणाला वाटतं म्हातारा फोनवर बोलतोय (ऐंशीच्या दशकात अर्थातच नाही, पण गोष्ट आजच्या काळात आणलीत तर ही गंमत मिळते), कुणाला वाटतं देवाचं पुटपुटतोय, कुणाला भीती वाटते, आणि कुणाला कळून चुकलंय पण तो सांगत नाही. हा तक्ता भरला की तुमची एकांकिका अर्धी लिहून झाली समजा.

श्रुतिका बसवू पाहणाऱ्या इतरांनाही मी हेच सांगेन. संवाद नंतर बघा. आधी गप्प माणसांचा हिशोब करा.

तिकिटाचा प्रसंग घेऊन बघू. तुम्ही पाठवलेल्या पानांत तो साधारण असा आहे:

कंडक्टर: बोला आजोबा, कुठं?
आजोबा: नरसोबाची वाडी. दोन द्या.
(पंचचा आवाज, दोनदा.)
कंडक्टर: हे घ्या दोन. सुटे असतील तर द्या.
बायको: माझं माझ्याकडे द्या. तुम्ही हरवाल.

कानासाठी हे चोख आहे. दोनदा वाजलेला पंच ऐकणाऱ्याला पटवून देतो की सीटवर दोन माणसं आहेत. हेच रंगमंचावर जसंच्या तसं केलंत तर कंडक्टर आंधळा ठरेल. त्याला सीट दिसते. सीटवर पांढऱ्या फडक्यात बांधलेलं गाठोडं दिसतं. तेव्हा त्याला थोडं थांबवा:

कंडक्टर: बोला आजोबा.
आजोबा: वाडी. दोन.
(कंडक्टर सीटकडे बघतो.)
कंडक्टर: एवढ्याशा सामानाला तिकीट नाही लागत, आजोबा.
आजोबा: दोन द्या.
(पंच. कंडक्टर गाठोड्याची गाठ बघतो. पुन्हा पंच.)

बायकोचं ‘तुम्ही हरवाल’ याच्यानंतर येऊ दे. आजोबा दुसरं तिकीट गाठोड्याच्या गाठीत खोचतील. आता एसटीत एका माणसाला कळलंय, आणि तो कंडक्टर आहे. श्रुतिकेत त्याचं काम ‘दरड पडलीय, सकाळपर्यंत थांबावं लागेल’ एवढं सांगण्यापुरतं होतं. इथे तो नाटकातलं दुसरं मोठं पात्र झाला. टप गळतोय म्हणून बाई ती जागा मागते, तेव्हा आजोबांच्या आधी तोच म्हणेल, ‘ती सीट भरलीय, ताई.’

बायकोचं काय करायचं? तीन वाटा दिसतात.

पहिली, तिला नटी म्हणून सीटवर बसवायची आणि इतरांनी तिच्याकडे बघायचं नाही. ही युक्ती सिनेमांनी इतकी वापरलीय की प्रेक्षक दोन मिनिटांत ओळखतो आणि मग कुणाचा धक्का तिला चुकून लागतो का, यावर डोळा ठेवून बसतो. शिवाय कंडक्टरची ती नजर वाया जाते. मी या वाटेला जाणार नाही.

दुसरी, तिचे संवाद काढून टाकायचे. आजोबा बोलतील, उत्तर फक्त त्यांना ऐकू येईल. नट तयारीचा असेल तर हे फार सुंदर होऊ शकतं. पण तुमच्या संहितेची सगळी चव त्या बाईच्या जिभेवर आहे. ती गप्प झाली तर आजोबा फक्त भ्रमिष्ट दिसतील, आणि या नात्यातली भांडणं, जी सरांनी इतकी मजेत लिहिलीत, तीच गळतील.

तिसरी वाट, तिचा नुसता आवाज ठेवायचा, आणि तो जिवंत हवा. नटीला विंगेत न बसवता प्रेक्षागृहात, पहिल्या रांगेच्या टोकाला माइक देऊन बसवा. आवाज प्रेक्षकाच्या कानाशी येईल आणि आजोबा मात्र सीटकडे बघून उत्तर देतील. मग एका जागी तुमच्या हातात हुकमाचं पान आहे: बॅटरी उतरू नये म्हणून ड्रायव्हर आतले दिवे बंद करतो. मिट्ट काळोख करा. लाल-हिरवा मिणमिणता दिवासुद्धा नको. दोन-तीन मिनिटं नुसते आवाज: पोराचं रडणं, कुणाची बिडी ओढायची परवानगी, शेतकी खात्यातल्या माणसाचं खोकणं आणि बायकोचं बोलणं. त्या काळोखात ती बाकीच्यांइतकीच खरी असते. सरांची श्रुतिका तेवढा वेळ जशी होती तशी चालू असेल. मग दिवे लागतात आणि सीटवर गाठोडं. प्रेक्षकाला माहीत असूनही बसायचा तो धक्का बसेल.

यासाठी कॅसेटवरचा मूळ आवाज वापरायचा मोह होईल, तुमच्या पत्रात तशी एक ओळ आहेच. टाळा. ध्वनिमुद्रित आवाज नटासाठी थांबत नाही. आजोबांनी एखाद्या प्रयोगात अर्धा क्षण जास्त घेतला की वाक्यावर वाक्य चढेल, आणि ते दर प्रयोगाला घड्याळ लावून बोलायला लागतील. हक्कांची भानगड आहे ती वेगळी, तिच्याकडे पुढे येतो.

एलईडीबद्दल थोडक्यात. रात्री घाटात अडकलेल्या एसटीतून बाहेर काय दिसतं? काळी काच आणि तिच्यावरून ओघळणारं पाणी. प्रवाशांना जे दिसत नाही ते प्रेक्षकांना कशाला दाखवायचं? वर त्या पडद्याच्या उजेडात तुमचा तो मिट्ट काळोख मिळणारच नाही. अर्धी एसटी टेम्पोत घालून स्पर्धेच्या केंद्रावर नेणं आणि मिळालेल्या मोजक्या मिनिटांत उभी करणं हा खर्च आणि जिवाला घोर. चार बाकडी, वर एक दांडी आणि कंडक्टरच्या घंटीची दोरी लावा. दोरी ओढली, घंटी वाजली, की एसटी उभी राहिली. पावसासाठी परातीत ज्वारी फिरवा, गडगडाटाला लांब पत्रा हलवा; रेडिओ स्टुडिओत अशाच वस्तूंवर काम भागायचं आणि कानाला ते आजही पटतं.

संवादांतही काटछाट लागेलच. श्रुतिकेत डोळ्यांचं कामही संवादच करतात. ‘अहो, केवढा हा पितळी डबा, उचलवत नाही!’ हे वाक्य डबा समोर असताना कशाला? पेन्सिल घेऊन अशी सगळी वाक्यं अधोरेखित करा आणि बहुतेक खोडा. बहुतेक म्हणतोय, सगळी नाही. बायको म्हणते, ‘तुमचं वरचं बटण तुटलंय’. हेसुद्धा वर्णनच आहे, पण ते ठेवा. आजोबा मान खाली घालून बघतील, बटण खरंच नसेल, आणि ते लावून देणारं घरात आता कुणी नाही हे शेवटच्या रांगेलाही कळेल.

निवेदक पूर्ण काढा. त्याची सुरुवातीची माहिती कंडक्टर देतो, आणि शेवटचा खुलासा आता लागतच नाही. ज्यांच्या श्रुतिकेत निवेदकाशिवाय पानच हलत नाही त्यांनी गिरीश कार्नाडांचं टिपू सुलतानाच्या स्वप्नांवरचं नाटक बघावं. भारतीय स्वातंत्र्याच्या पन्नाशीनिमित्त ते बीबीसी रेडिओसाठी लिहिलं गेलं आणि पुढे रंगमंचावर आलं. त्यात गोष्ट सांगणारे आहेत टिपूच्या दरबारातला इतिहासकार किरमानी आणि इंग्रज अधिकारी मॅकेंझी. दोघांचाही त्या इतिहासात जीव गुंतलाय, म्हणून त्यांचं सांगणं कोरडं होत नाही.

लग्नाच्या वेळचा जो जुना प्रसंग क्रॉसफेडने (एक आवाज विरत दुसरा उमटत) येतो, त्यासाठी तरुण जोडपं आणू नका. ब्रिटिश नाटककार टॉम स्टॉपर्डने 1991 ची आपली श्रुतिका ‘इन द नेटिव्ह स्टेट’ 1995 मध्ये ‘इंडियन इंक’ नावाने रंगमंचावर आणली, तेव्हा 1930 चा हिंदुस्थान आणि 1980 च्या दशकातलं इंग्लंड एकाच रंगमंचावर, मधली भिंत न घालता ठेवले. तुमच्या आजोबांनीही त्याच सीटवर, त्याच ओल्या टोपीत नवरदेवाचं वाक्य बोलावं. आवाज चढवू नये, पाठ तेवढी सरळ करावी.

लांबीची काळजी करू नका. अर्ध्या तासाची श्रुतिका रंगमंचावर नजरा आणि थांबे धरून आपसूक चाळीस मिनिटांकडे जाते. दोन अंकी करायचा विचार कुणी मांडला तर नाही म्हणा; एका रात्रीची गोष्ट आहे.

आता तुमचे ज्येष्ठ सभासद. त्यांना विरोधक समजू नका, कारण अभिवाचन ही दुय्यम गोष्ट नाही. बेकेट ‘ऑल दॅट फॉल’ ही आपली श्रुतिका रंगमंचावर आणायला राजी नव्हता. लॉरेन्स ऑलिव्हिएरसारख्या नामवंत नटालाही त्याने नकार दिला. 2012 मध्ये लंडनच्या जर्मिन स्ट्रीट थिएटरमध्ये दिग्दर्शक ट्रेव्हर नन यांनी ती केली, तेव्हा आयलीन अ‍ॅटकिन्स आणि मायकेल गॅम्बनसारखे नट हातात संहिता घेऊन, वरून सोडलेल्या माइकखाली उभे राहिले. त्याच्या आदल्या वर्षी डब्लिनच्या पॅन पॅन नाट्यसंस्थेने प्रेक्षकांना झुलत्या खुर्च्यांवर बसवून नुसते आवाज आणि दिव्यांचा खेळ ऐकवला-दाखवला. आपल्याकडे 1955 साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालेलं गीतरामायण रेडिओवर अनेक गायकांनी गायलं, आणि नंतर एकटे बाबूजी पेटी घेऊन बसत तेव्हा वेशभूषेची आठवण कुणाला होत नसे.

म्हणून दोन्ही करा, आणि आधी अभिवाचन करा. गावातल्या वाचनालयाच्या सभागृहात, दिवे मालवून, सरांचा एकही शब्द न बदलता अर्धा तास. त्या ज्येष्ठांनाच आजोबांचे संवाद वाचायला द्या. श्रोते कुठे हसतात, कुठे चुळबुळ करतात, ‘ती नाहीच’ हे कुणाला केव्हा कळतं, याची टिपणं एकाने मागे बसून घ्यावी. ही टिपणं रूपांतराला फार उपयोगी पडतील. एकांकिकेच्या जाहिरातीत मात्र ‘मूळ श्रुतिका’ आणि ‘रंगरूपांतर’ अशी दोन नावं स्वच्छ वेगळी छापा. बदल सरांच्या नावावर खपवायचे नाहीत आणि सरांचं लेखन आपल्या नावावर घ्यायचं नाही, एवढं पाळलंत तर ‘शब्दाला हात लावला’ या तक्रारीतला बराचसा राग निघून जाईल. सगळा निघणार नाही, आणि ते त्यांनी बोलूनही दाखवावं.

कागदपत्रांचं आता. लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं हक्क वारसांकडे असतो, आणि रूपांतर करण्याची परवानगी हा त्या हक्काचाच भाग आहे. ‘खुशाल करा’ यावर विसंबू नका. सरांना आणखी मुलं असतील तर सगळ्यांच्या सह्या घ्या. संमतीपत्रात रूपांतराचा आणि प्रयोगांचा उल्लेख वेगवेगळा करा, मानधन ठरलं असेल ते लिहा, मुदत आणि प्रदेश लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश भारतापुरता. आकाशवाणीशी झालेला जुना करार त्यांच्या घरात सापडला तर वाचून बघा, प्रसारणापलीकडचे काही हक्क दिलेत का ते कळेल. ध्वनिमुद्रण ही वेगळी मालमत्ता आहे. तुमच्याकडची कॅसेट घरी ऐकायला ठीक, प्रयोगात तिचा तुकडा वाजवायचा तर आकाशवाणीची आणि त्या कलाकारांची परवानगी लागेल.

शेवटी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं, प्रमाणपत्र. तिथे पाठवायची ती तुमची बदललेली संहिता, सरांची मूळ श्रुतिका नव्हे. म्हणून गप्प माणसांचा तो तक्ता, अभिवाचनाची टिपणं आणि काळोखाचा प्रसंग तालमीत जमल्यावरच ती टाइप करून घ्या, पण स्पर्धेच्या प्रवेशिकेची तारीख बघून. ती डोक्यावर आल्यावर प्रमाणपत्रासाठी पळापळ करणारी मंडळं दरवर्षी असतात, त्यात तुमची भर नको.